एवढं मोठं मूल गाडीत?

फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये उडत्या डंबो हत्तीच्या पाळण्याजवळ बाबागाड्यांचा एक मोठा तळ आहे. गाड्या ओळीनं, चाकाला चाक लावून उभ्या असतात. पार्कनं भाड्यानं दिलेल्या टणक प्लॅस्टिकच्या, घरून आणलेल्या छत्रीसारख्या मिटणाऱ्या, दोन भावंडांना शेजारी शेजारी बसवणाऱ्या जोडगाड्या. एकसारख्या गाड्यांतून आपली ओळखू यावी म्हणून कुणी दांड्याला लाल रिबीन बांधतं, कुणी मुलाच्या नावाची पाटी लावतं. पार्कचे कर्मचारी दिवसभर या गाड्या सरळ करत, वाट मोकळी ठेवत, इकडून तिकडे हलवत असतात. त्यामुळे पाळण्यातून उतरलेल्या आईबापांना आधी गाडी शोधावी लागते. दुपारी ढग दाटून आले की गाड्यांच्या छपरांवर भराभर प्लॅस्टिकची आवरणं चढतात.

या तळाशी थोडा वेळ उभं राहिलं की लक्षात येतं, इथे परत येऊन गाडीत बसणारी सगळीच मुलं तान्ही नाहीत. पाच वर्षांची आहेत, सहा वर्षांची आहेत, क्वचित आठ वर्षांचंही एखादं आहे. स्वतः गाडीत चढतात, स्वतःच पट्टा लावतात. पाय ठेवायच्या फळीपर्यंत पाय पुरून उरतात, गुडघे वर येतात, बुटांची टोकं जमिनीला घासतात. एक मुलगा हातातली लाकडी तलवार मांडीवर आडवी ठेवून बसला होता आणि बसल्या बसल्या त्याची मान कलली. वडील गाडी ढकलायला लागेपर्यंत तो गाढ झोपलाही.

अशा मुलांकडे पाहून भुवया उंचावणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत या विषयावर वर्षानुवर्षं हिरिरीनं वाद चालतो. चालता येणाऱ्या मुलाला गाडीत बसवणं म्हणजे त्याला आळशी करणं, आईबापांनी हात टेकणं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, दिवसभर आमच्याबरोबर चालून पाहा आणि मग बोला. आपल्याकडची कुटुंबं आता मोठ्या संख्येनं ऑर्लँडोला जातात. तिथे स्थायिक झालेली जातात, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा जातात आणि इथून सहलीनं जाणारेही जातात. त्यामुळे हा वाद आपल्या घरांतही पोचला आहे. या वादात मी ठामपणे गाडीच्या बाजूनं आहे. का, ते नीट सांगायला हवं.

पहिल्यांदा जागा समजून घेऊ. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं. त्याचा सगळा विस्तार सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात चार मोठी पार्कं आहेत: मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चं ॲनिमल किंगडम. एकट्या मॅजिक किंगडममध्ये २०२३ साली सुमारे १ कोटी ७७ लाख लोक येऊन गेले. जगात सगळ्यात जास्त गर्दीचं थीम पार्क म्हणून त्याची गणना होते. एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत ११ देशांचे देखावे उभे केले आहेत. त्या तळ्याची नुसती एक फेरी जवळपास दोन किलोमीटरची. ही फेरी म्हणजे एका पार्कचा अर्धाच भाग. गाडी लावल्यापासून तिकिटाच्या फाटकापर्यंतची चाल वेगळी आणि प्रत्येक खेळाच्या आत वळणावळणाची जी रांग असते तिची चाल वेगळी. धडधाकट माणसाचं सकाळपासून रात्रीपर्यंत दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं.

त्या माणसाचा हात धरून चालणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ११० सेंटीमीटर असते. त्याचं पाऊल लहान. आईबाप एक पाऊल टाकतात तेव्हा ते दीड-दोन टाकतं, आणि मागे पडू नये म्हणून मधेमधे धावतं. म्हणजे मोठ्यांना बारा किलोमीटर वाटतात तेव्हा त्याच्या पायांनी कितीतरी जास्त पावलं मोजलेली असतात. त्यात फ्लोरिडाचा उन्हाळा. जुलैमध्ये ऑर्लँडोत दुपारी सरासरी ३३ अंश तापमान असतं, हवा दमट असते आणि जून ते सप्टेंबर बहुतेक दुपारी गडगडाटासह पाऊस येतो. लहान मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं मोठा असतो आणि त्यांना घामही कमी येतो, त्यामुळे तापलेल्या हवेत त्यांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. मूल रस्त्यातच फतकल मारून बसतं तेव्हा त्याला हट्टी ठरवण्याआधी हे आठवावं.

तिसरी गोष्ट तिकिटाची. एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर जातं. तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट, तीन ते नऊ वर्षांपर्यंत मुलांचं तिकीट आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं. पण मुलांचं तिकीट मोठ्यांपेक्षा थोडंसंच स्वस्त असतं. चौघांच्या कुटुंबाचा एका दिवसाचा खर्च रुपयांत मांडला की छातीत धस्स होतं. मग पैसे वसूल करायचे तर फाटक उघडण्याआधी हजर राहायचं आणि रात्रीची आतषबाजी पाहूनच निघायचं. मुलाची दुपारची झोप बुडते, जेवणाची वेळ टळते. भारतातून थेट आलेल्या कुटुंबाचं तर घड्याळच उलटं झालेलं असतं. ऑर्लँडोत उन्हाळ्यात दुपारचा एक वाजतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. घरी मूल त्या वेळी झोपून गेलेलं असतं आणि इथे आपण त्याला सांगतो, चल, अजून निम्मं पार्क बघायचंय.

हा बेत मुलाचा नसतो. तो मोठ्यांनी आखलेला असतो. म्हणून त्याचा थकवा हाही मोठ्यांच्या हिशेबातच धरायला हवा.

माझी वहिनी न्यू जर्सीत राहते. तिथल्या शाळांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या वार्षिक अधिवेशनामुळे सुट्टी असते आणि ती साधून त्या राज्यातली इतकी कुटुंबं ऑर्लँडो गाठतात की त्या आठवड्याला तिकडे जर्सी वीक असं नावच पडलं आहे. न्यू जर्सीत मराठी वस्तीही भरपूर. हा आठवडा अनेकदा दिवाळीच्या आगेमागे येतो, त्यामुळे पार्कात चकल्यांचे डबे घेऊन हिंडणारी आपली माणसं दिसतात. अशाच एका सुट्टीत वहिनी, भाऊ, त्यांची सहा वर्षांची मुलगी, माझी आई आणि मी असे सगळे गेलो होतो. फाटकाशी वहिनीनं गाडी भाड्यानं घेतली, तेव्हा आईच्या कपाळावर आठी चढली.

“अगं, एवढी घोडी झालीय ती. गाडीत कसली बसवतेस तिला?”

“आई, संध्याकाळी बोलू आपण,” वहिनी म्हणाली आणि पाण्याच्या बाटल्या गाडीखालच्या जाळीत ठेवू लागली.

सकाळभर पोरगी गाडीत बसलीच नाही. तिला गाडी ढकलायची होती. तिनं ती ढकलली, दोन-तीनदा लोकांच्या अंगावर नेली, मग तिच्या हातून काढून घ्यावी लागली. दुपारनंतर मात्र ती न सांगता जाऊन बसली आणि पाय पोटाशी घेऊन आडवी झाली. आईला मी त्याआधीच चाकाच्या खुर्चीचं विचारलं होतं. “मला काय धाड भरलीय?” म्हणून तिनं झटकून टाकलं होतं. आता ती गाडीच्या दांड्याला एका हातानं धरून चालत होती, आणि तिचा बराचसा भार त्या दांड्यावर होता. वहिनीच्या ते लक्षात आलं. तिनं काही न बोलता दांडा आईकडे दिला आणि स्वतः बाजूनं चालू लागली.

आईचं म्हणणं तिच्या ठिकाणी खरं होतं. तिच्या लहानपणी ती गावच्या जत्रेला चालत जायची, येताना चालत यायची, आणि गाडी म्हणजे बैलगाडी. पण त्या जत्रेला तिच्याबरोबर कोण कोण असायचं, हेही ती सांगते: दोन काका, आत्या, मोठी चुलत भावंडं. मूल दमलं की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आणि तिथून कुणाच्या तरी खांद्यावर जायचं. कुणी कुणाला उचललं याचा हिशेब कुणी ठेवला नाही, म्हणून आठवणीत फक्त चालणं उरलं. परदेशात नवरा-बायको दोघंच असतात, सोबत दोन मुलं आणि पाठीवर सामान. त्या काकांचे आणि आत्याचे खांदे जिथे नाहीत तिथे चार चाकं आली. सहा वर्षांच्या मुलाचं वजन वीस किलोच्या आसपास असतं. ते ओझं कडेवर घेऊन एखाद्या तरुण बापालासुद्धा दोन किलोमीटरच्या तळ्याला फेरी मारवत नाही.

बाबागाडीचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. पूर्वीच्या इंग्रजी प्रॅम म्हणजे झोपलेल्या बाळासाठी बनवलेल्या जड, मोठ्या चाकांच्या पेट्या. मोठं मूल त्यात बसवण्याचा प्रश्नच नव्हता. ओवेन मॅक्लारेन नावाच्या विमान अभियंत्यानं १९६५ मध्ये हे बदललं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांची घडीची यंत्रणा बनवण्यात त्यांचा हात होता. परदेशातून आलेल्या लेकीला नातीची अवजड गाडी घेऊन प्रवासात होणारा त्रास त्यांनी पाहिला आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोहूनही हलकी गाडी तयार केली. मूल चालत असेल तेव्हा काखेत मारायची आणि दमलं की उघडायची, अशी सोय त्या गाडीनं पहिल्यांदा करून दिली. थोडा वेळ चालणारं, थोडा वेळ बसणारं मूल हे त्या सोयीतूनच आलं. आजही थीम पार्कला नेण्यासाठी मोठ्या मुलांचे आईबाप जी गाडी शोधतात, ती याच वळणाची: हलकी, पाठ उंच असलेली, मोठं छप्पर असलेली.

डिस्नेची स्वतःची भाड्याची गाडी पाहिली तर पार्कवाल्यांचं मत उघड होतं. एका मुलाच्या गाडीला वजनाची मर्यादा ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलो. जोडगाडीला १०० पौंड. सात वर्षांच्या मुलाचं सरासरी वजन २३ किलोच्याच आसपास असतं. म्हणजे ही गाडी तान्ह्या बाळासाठी बनवलेलीच नाही. तिला मऊ गादी नाही, पाठ मागे कलत नाही. दीर्घ अनुभवातून पार्कनं ओळखलं आहे की सात वर्षांपर्यंतची मुलं इथे दमतात आणि गाडी मागतात. शिवाय तिथल्या नियमानुसार सात वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही खेळात एकट्यानं बसता येत नाही, सोबत किमान १४ वर्षांचं कुणीतरी लागतं. वयाच्या बाबतीत पार्क मुलांना जितकं लहान समजतं, तितकं आपण का समजू नये?

यावर एक जण म्हणाला, “मोठ्या पाळण्यात बसायला मोठा, आणि चालायला लहान?” मला वाटतं, हो, अगदी तसंच. बिग थंडर माउंटन या आगगाडीच्या पाळण्यासाठी उंची १०२ सेंटीमीटर लागायची आणि स्पेस माउंटनसाठी ११२ लागते. पाच वर्षांचं सरासरी मूल पहिल्यात बसतं आणि दुसऱ्यासाठी दोन सेंटीमीटर कमी पडतं. उंची मोजायच्या पट्टीखाली टाचा उंचावून उभी राहणारी मुलं तिथे दिवसभर दिसतात. धाडस दोन मिनिटांचं असतं. दहा तास उन्हात चालण्याला दम लागतो, आणि तो उंचीच्या पट्टीवर मोजता येत नाही.

गाडीच्या विरोधातले मुद्दे सगळेच पोकळ नाहीत. सगळ्यात खरा मुद्दा टाचांचा. गर्दीत मागून गाडीचं चाक ज्याच्या घोट्यावर आदळलं आहे त्याला हा राग समजेल. मिरवणूक सुरू असताना पहिल्या रांगेत गाड्यांची भिंत उभी करणारे, अरुंद वाटेवर मधेच थांबून फोन पाहणारे आईबाप असतात आणि ते चुकतातच. गाड्या दिवसेंदिवस मोठ्या होत गेल्या, तेव्हा डिस्नेनं १ मे २०१९ पासून नियम कडक केला. गाडी ३१ इंचांहून रुंद आणि ५२ इंचांहून लांब नको, म्हणजे साधारण ७९ बाय १३२ सेंटीमीटर. दोन-तीन मुलं आणि सामान मावणाऱ्या ओढायच्या चारचाकी गाड्यांना तर पूर्ण बंदी. त्याच वर्षी स्टार वॉर्सवर आधारलेले नवे विभाग उघडणार होते आणि गर्दी वाढणार हे ठरलेलं होतं. नियम योग्यच होता. पण त्यानं काही कुटुंबांची गैरसोयही झाली, विशेषतः ज्यांचं मोठं आणि अपंग मूल त्या गाड्यात आरामात पडून राहू शकत होतं त्यांची.

दुसरा मुद्दा व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला किमान तीन तास हालचाल करावी आणि गाडीत किंवा खुर्चीत त्यांना एका वेळी तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. हा सल्ला मला पूर्ण मान्य आहे. शाळेत जाता-येता, बाजारात, इमारतीच्या आवारात पाच वर्षांच्या मुलानं चालायलाच हवं, धावायलाच हवं. रोजच्या आयुष्यात दहा मिनिटांच्या वाटेला मुलाला गाडीत कोंबून हातात फोन देणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण थीम पार्कचा दिवस तसा नसतो. बहुतेक खेळांच्या रांगेत गाडी नेता येत नाही. ती बाहेर तळावर सोडायची आणि मुलानं रांगेत अर्धा तास, कधी तासभर उभं राहायचं. मग पाळणा, मग पुढच्या ठिकाणापर्यंत पाच-दहा मिनिटं गाडीत, मग पुन्हा रांग. तीन तासांची हालचाल दुपारच्या जेवणाआधीच होऊन जाते.

आता मोठ्या मुलांच्या गाड्यांची जी बाजू सगळ्यात कमी दिसते आणि सगळ्यात महत्त्वाची आहे तिच्याकडे येते.

गाडीत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडे पाहून त्याला काय झालं आहे ते कळत नाही. त्याला लहान वयातला संधिवात असू शकतो, ज्यात गुडघे सुजतात आणि सकाळी उठल्यावर आखडलेले असतात. स्नायूंचा ताण जन्मतः कमी असू शकतो. हृदयाचा दोष असेल, दमा असेल, नुकतीच केमोथेरपी संपली असेल. ते मूल ऑटिस्टिक असू शकतं. ऑटिझम असलेल्या काही मुलांना गर्दी, ढोलताशे, चमकते दिवे सहन होत नाहीत. त्यांच्यासाठी गाडीचं ओढलेलं छप्पर ही त्या पार्कातली एकमेव शांत जागा असते. काही मुलं घाबरली की हात सोडून सुसाट धावतात, आणि लाखभर पावलांच्या गर्दीत ती एका क्षणात दिसेनाशी होऊ शकतात. त्यांच्या आईला गाडीचा पट्टा काय वाटत असेल ते तीच जाणे.

अशा कुटुंबांसाठी तिथे एक साधी सोय आहे. पाहुण्यांच्या मदत कक्षात जाऊन सांगितलं की आमच्या मुलाची गाडी ही त्याची चाकाची खुर्ची आहे, तर ते गाडीला एक लाल चिठ्ठी बांधून देतात. मग ती गाडी चाकाच्या खुर्चीप्रमाणे रांगेतही नेता येते. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला दाखवावा लागत नाही. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० मध्ये झाला, आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला तुला काय झालं आहे असं खोदून विचारायचं नाही ही रीत त्यातून रुजली. रांगेत उभंच राहू न शकणाऱ्यांसाठी २०१३ पासून डिस्नेनं एक वेगळी नोंदणीची योजना चालवली आहे. तिचे निकष २०२४ मध्ये बरेच आवळले गेले. आता ती मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासाच्या अडचणींमुळे रांग सहन न होणाऱ्यांपुरती आहे. त्यामुळे ज्यांचं दुखणं पायांचं किंवा दम्याचं आहे त्यांना गाडी आणि तिची लाल चिठ्ठी यांचाच आधार जास्त राहिला.

आपल्या कुटुंबांना ही चिठ्ठी मागायला जड जातं. मुलाचं निदान सासरी-माहेरी कुणाला सांगितलेलं नसतं, आणि सोबत सासूसासरे असतात. मदत कक्षात उभं राहून मोठ्यानं ते इंग्रजीत सांगायचं म्हणजे घरातलं गुपित फोडणं वाटतं. मग मुलाला हाताला धरून ओढत नेलं जातं, ते रडतं, आणि आजूबाजूचे म्हणतात, काय लाडावून ठेवलंय. “एवढं मोठं मूल गाडीत?” हा प्रश्न आपण सहज विचारतो. त्याला उत्तर द्यायचं तर त्या आईला दोनच वाटा उरतात: ऐकून घ्यायचं, किंवा अनोळखी माणसासमोर मुलाचा आजार उघडा करायचा. सहज विचारलेल्या प्रश्नासाठी ही किंमत फार मोठी आहे.

ऑर्लँडोजवळच्या किसिमी गावात गिव्ह किड्स द वर्ल्ड नावाचं एक वसतिस्थान आहे. १९८६ मध्ये हेन्री लँडवर्थ यांनी ते काम सुरू केलं. लहानपणी नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले आणि पुढे अमेरिकेत हॉटेल व्यवसायात मोठे झालेले हे गृहस्थ. रक्ताचा कर्करोग असलेल्या एका मुलीला ऑर्लँडोची पार्कं पाहायची होती. त्यांच्या हॉटेलात राहण्याची व्यवस्था झाली, पण बाकीची जुळवाजुळव पुरी होईपर्यंत ती वारली. पुन्हा कुणा मुलावर अशी वेळ येऊ नये म्हणून त्यांनी हे गाव वसवलं. गंभीर आजाराशी झुंजणारी मुलं आईबाप-भावंडांसह तिथे आठवडाभर विनामूल्य राहतात आणि पार्कांत जातात. ती मुलं मॅजिक किंगडमच्या रस्त्यावर इतर मुलांसारखीच दिसतात. त्यांतली कितीतरी गाडीत असतात. टोपी घातलेलं, चेहऱ्यावर वाघ रंगवलेलं, पाय लोंबकळणारं एखादं मूल शेजारून जातं, आणि ते कुठून आलं आहे हे आपल्याला कधीच कळणार नसतं.

वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोन मुलींना शनिवारी फिरत्या घोड्यांच्या पाळण्यावर न्यायचे. मुली पाळण्यात आणि ते बाकावर शेंगदाणे खात बसलेले. आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर आला असं ते पुढे सांगत, आणि त्यातून १९५५ मध्ये ॲनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उभं राहिलं. आजोबा, मुलगा आणि नात तिघांनी एका दिवसात एकच जागा एकत्र पाहायची, हीच मूळ कल्पना असेल, तर तिघांच्या पायांतला फरक कशानं तरी भरून काढायला हवा. आजोबांना चाकाची खुर्ची आणि नातीला गाडी, यांत कमीपणाचं मला काही दिसत नाही. दोघांना ती नाकारली की काय होतं तेही दिसतं. तीन वाजता आजोबा बाकावर बसून राहतात, नात रडते, आणि एकत्र पाहायला आलेलं कुटुंब दोन-तीन ठिकाणी विखुरतं.

जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी सांगते. मूल सात वर्षांपर्यंतचं असेल तर गाडीचा बेत आधीच करा. संध्याकाळी मूल कोसळल्यावर फाटकाशी धावत जाऊन गाडी भाड्यानं घेणं म्हणजे सगळ्यात वाईट वेळी पैसे घालवणं. पार्कच्या गाडीला अलीकडच्या वर्षांत दिवसाला १५ डॉलरच्या आसपास भाडं पडतं, जोडगाडीला त्याच्या दुप्पट. ती गाडी पार्कबाहेर नेता येत नाही. रात्री फाटकाशी ती परत करायची आणि झोपलेलं वीस किलोचं मूल उचलून वाहनतळापर्यंत न्यायचं, हे ध्यानात धरा. मुक्काम चार-पाच दिवसांचा असेल तर हॉटेलवर गाडी आणून देणाऱ्या बाहेरच्या कंपन्या आहेत, किंवा हलकी मिटणारी गाडी घरूनच न्या. वाहनतळावरच्या ट्रॅममध्ये ती मिटूनच चढवावी लागते. मोठ्या मुलासाठी घ्यायची तर वजनाची मर्यादा आधी वाचा, किमतीवर जाऊ नका. दांड्याला जड पिशव्या टांगू नका. मूल उतरलं की गाडी मागे उलटते. घडी घालताना मुलांची बोटं सांध्यापासून दूर ठेवा. २००९ मध्ये बोटांना झालेल्या इजांमुळे मॅक्लारेनला अमेरिकेतल्या सुमारे दहा लाख गाड्यांचे सांधे झाकून द्यावे लागले होते. उन्हात गाडीवर जाड चादर टाकून मुलाला झोपवू नका. आतली हवा कोंडते आणि फार लवकर तापते. त्यापेक्षा छप्पर ओढा आणि सावलीत थांबा. मौल्यवान वस्तू तळावरच्या गाडीत ठेवू नका.

आणि मूल चालायचं म्हणत असेल तोवर त्याला चालू द्या. गाडी रिकामी ढकलावी लागली तरी चालेल, तिच्यात पाणी आणि जर्किनं राहतील. बसायचं म्हणालं की बसू द्या, आजी काहीही म्हणाली तरी. आजीलाही खुर्ची घ्या. ती पहिल्यांदा नाही म्हणेल, म्हणून सकाळीच घ्या. संध्याकाळची वाट पाहू नका.

तिथे कुणाचं आठ-नऊ वर्षांचं मूल गाडीत बसलेलं दिसलं तर त्याच्या आईला काही विचारू नका आणि त्याचा फोटो काढू नका. वाट अडली असेल तर थोडं बाजूला होऊन गाडी पुढे जाऊ द्या.